गिअरबॉक्सला लागलेली घरघर

भाऊसाहेबांनी दारात चपला काढल्या, टेबलामागे बसलेल्या बाईंकडे एकदा पाहिलं, आणि सरळ कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या तात्यांसमोर जाऊन हात जोडले.

"तपासनीस साहेब, फार आशेने आलोय. बाई, जरा पाणी मिळेल का?"

तात्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. ही चूक नेहमीची होती, आणि ती दुरुस्त करायची हिंमत त्यांच्यात अजून आलेली नव्हती.

"पाणी खिडकीत आहे," बाई म्हणाल्या. "पेला विसळून घ्या आणि इकडे येऊन बसा. तपासनीस मी आहे. ते माझे यजमान. ते शब्दकोडं सोडवतात, तेही चुकीचं."

भाऊसाहेब पाणी प्यायले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मानेवर पावडर. पेला विसळून त्यांनी जागेवर ठेवला आणि बसता बसता टेबलावर एक कार्ड सरकवलं. त्यावर त्यांच्या नावाखाली जाड अक्षरांत छापलं होतं, 'सल्लागार'.

"कशाचे?" बाईंनी विचारलं.

"सर्व बाबतींत. नोकरीतून मोकळा झालो. म्हटलं, आपल्या अनुभवाचा लोकांना उपयोग व्हावा."

"आणि सल्ला कोण घेतं?"

"अजून सुरुवात व्हायचीय. जागेचं ठरतंय."

बाईंनी कार्ड उलटं करून ठेवलं. तात्यांना ती खूण ठाऊक होती. समोरचा माणूस बाईंच्या मनातून उतरला की त्याची वस्तू पालथी पडायची. तात्यांचा चष्मा गेली कित्येक वर्षं पालथाच असायचा.

भाऊसाहेबांची तक्रार अशी. थोरला भाऊ वारला. शेती आता वहिनींच्या नावावर. घरात एक जुना ट्रॅक्टर, आणि त्याच्याइतकाच जुना ड्रायव्हर. दोन दिवसांपूर्वी सकाळी ड्रायव्हरने ट्रॅक्टर चालू केला आणि भलताच आवाज यायला लागला.

"मी तर ट्रॅक्टरच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "धुळीने शिंका येतात. पण काय सांगू, आत नुसतं खुळखुळ खुळखुळ! मी लगेच किल्ली काढून घेतली, म्हटलं अजून नासधूस नको. मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, गिअरबॉक्स गेला. आता भंगारात घाला."

"यात तपास करण्यासारखं काय आहे? जुनी वस्तू मोडते."

"मोडली नाही, मोडली गेली! आदल्या दिवशी मी त्या ड्रायव्हरला चारचौघांत झापलं होतं. मुद्दाम गिअर खरवडून त्याने सूड घेतला. मला खात्री आहे. पण वहिनी ऐकत नाही. म्हणते, बाहेरच्या माणसाने सांगितलं तरच मानेन."

"आमच्याकडेच का आलात? आम्ही हरवलेले दागिने शोधतो, पळून गेलेले नवरे शोधतो. यंत्राचं काम आम्ही कधी केलेलं नाही."

"त्याने काही बिघडत नाही," भाऊसाहेब घाईने म्हणाले. "यंत्राचं मिस्त्रीने बघितलंय. तुम्ही फक्त माणूस बघा."

"आलात कसे?"

"पायी, मग बसने. सायकल पंक्चर आहे."

ते गेल्यावर बाईंनी विचारलं, "कसे वाटले गृहस्थ?"

"सज्जन वाटले," तात्या म्हणाले. "पेला विसळून ठेवला."

"अहो, तुम्हाला मत विचारलं ही माझीच चूक."

तात्यांना या 'अहो'ची गंमत वाटायची. जगातल्या बायका तो शब्द आदराने म्हणतात. बाईंच्या तोंडी तो चिमट्यासारखा यायचा. पण तात्याही काही कमी नव्हते. मनातल्या मनात ते बाईंना 'अतिशहाण्या' म्हणायचे, आणि मनातच म्हणत असल्यामुळे त्यांचा संसार टिकला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं शेतावर पोचली. रस्त्याला लागून एक खोली, खोलीला चिकटून पत्र्याची शेड, शेडमध्ये ट्रॅक्टर, आणि पलीकडे मोठं घर. खोलीच्या दारात एक पत्र्याची पेटी, दोन गाठोडी आणि सुतळीने आवळलेली भांडी ठेवलेली होती. पेटीवर ड्रायव्हरची बायको कडेवर बाळ घेऊन बसली होती.

"कुठे निघालात?" तात्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगायचंय ना?" ती फणकारली. "तुम्ही 'हो' म्हणालात की संध्याकाळी आम्ही रस्त्यावर. भाऊसाहेबांनी आधीच बांधायला लावलंय सामान. म्हणाले, नंतर घाई नको."

"घाई कुणाला आहे ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या आणि मोठ्या घराकडे चालू लागल्या.

वहिनी ओसरीवर शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी उठण्याचा आव आणला नाही की रडण्याचाही.

"ड्रायव्हरला काढायचं तर काढा की," बाई म्हणाल्या. "त्यासाठी तपास कशाला?"

"काढता येत नाही. यांनी शेवटच्या आजारपणात त्याला शब्द दिलाय. सगळ्यांसमोर. 'जोवर हा ट्रॅक्टर चालतोय तोवर खोली तुझी.' असं म्हणाले, आणि मी मान हलवली. आता ट्रॅक्टरच चालत नाही म्हटल्यावर शब्द संपला, असं भाऊजींचं म्हणणं. मी म्हटलं, ट्रॅक्टर म्हातारपणाने मेला असेल तर मी ड्रायव्हरला खोलीत राहू देईन. पण त्याने मुद्दाम मारला असेल, तर मग मात्र नाही."

"आणि तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनाचं कोण विचारतंय? मला खरं काय ते हवंय." वहिनींनी एक किडकी शेंग अंगणात फेकली. "ड्रायव्हर काही देवमाणूस नाही. उर्मट आहे. दुपारी ट्रॅक्टरखाली झोपतो. पण यांच्यानंतर एक दिवस पेरणी चुकवली नाही त्याने."

"आवाज ऐकलात तुम्ही?"

"ऐकला की. स्वयंपाकघरात होते. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडाट. मला वाटलं, शेडच पडली."

बाईंनी मान हलवली. "भाऊसाहेबांची खोली कुठली?"

"ती आतली. अंधारी आहे. त्यावरून रोज कुरकुर असते त्यांची. म्हणे, अशा भोकात माणूस भेटायला येईल का?"

बाई त्या खोलीच्या दारातून नुसतं डोकावल्या. तात्याही डोकावले. पलंग, कपाट, आणि भिंतीला टेकवलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब फळी. वर्तमानपत्र एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि आतून ताज्या रंगातलं 'सल्' एवढंच दिसत होतं.

बाहेर पडताना तात्या नेहमीसारखे अडखळले आणि बोळातल्या सायकलवर रेलले. सायकल धड उभी होती, पण तिचं पुढचं चाक दारुड्यासारखं डुलत होतं.

"अहो, पडायलाही तुम्हाला आधार लागतो," बाई म्हणाल्या. मग वाकून त्यांनी पुढचं टायर अंगठ्याने दाबलं, मागचं दाबलं. दोन्ही टणक होती. त्यांनी नुसते हात झटकले.

तात्यांना वाटलं, बाईंना सायकल स्वस्तात घ्यायची असेल.

*

मिस्त्री शेडमध्ये टिनाच्या डब्यावर बसून विडी ओढत होता. भाऊसाहेबांनी त्याला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं, आणि स्वतः नाकाला रुमाल लावून शेडच्या बाहेर उभे होते.

"बोला," बाई म्हणाल्या. "काय झालंय याला?"

"बेअरिंग गेलं," मिस्त्री म्हणाला. "क्लचच्या मागे जो पहिला दांडा असतो ना, त्याचं. दातही गेले असणार. खर्रर्र करतंय नुसतं, करवत पत्र्यावर घातल्यासारखं."

"कशावरून?"

मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि त्याची मूठ कानाला लावून दाखवली. "टोक गिअरबॉक्सवर, मूठ कानावर. डॉक्टरसारखं. शिवाय क्लच दाबला की आवाज बंद, सोडला की चालू. तिथेच निकाल लागला."

"गिअरबॉक्स उघडून बघितला?"

"उघडायचा म्हणजे ट्रॅक्टरचे दोन तुकडे करावे लागतात, बाई. आठवडा जातो. या म्हाताऱ्यावर कोण एवढी मेहनत घेतो? फक्त तेल काढून बघितलं."

कोपऱ्यात घमेल्यात ते तेल होतं. बाईंनी दोन बोटं बुडवली, चिमटीत चोळली, उजेडात धरली. मग तीच बोटं तात्यांच्या रुमालाला पुसली.

"काळं आहे. पण गुळगुळीत. लोखंडाचा कण नाही लागत हाताला."

"कण तळाशी बसले असतील."

"हे तळाचंच तेल ना? खालचं बूच काढूनच सोडलंत ना?"

मिस्त्रीने विडी विझवली. "बाई, मी हे काम तुमच्या लग्नाआधीपासून करतोय."

"मग माझ्या यजमानांसारखंच झालं. तेही नवरेपणाचं काम तेव्हापासूनच करतायत."

तात्यांनी तेलकट रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि ट्रॅक्टरभोवती उगाच एक चक्कर मारली. काहीतरी निरीक्षण केल्यासारखं दिसावं म्हणून ते मागच्या बाजूला वाकले. तिथे, दोन्ही मोठ्या चाकांच्या मधोमध, एक लोखंडी टोपी बोल्टांनी बसवलेली होती. ट्रॅक्टरच्या पाठीवर सगळीकडे तेलाचा आणि मातीचा जाड थर होता.

"बाई, इथले बोल्ट चकचकीत आहेत," तात्या म्हणाले. "बाकी सगळी घाण. एवढेच पुसलेत कुणीतरी. स्वच्छतेची आवड असलेला माणूस दिसतो."

बाई तिथे आल्या, बघितलं, आणि तात्यांकडे अशा नजरेने पाहिलं की ते एक पाऊल मागे सरले.

"ड्रायव्हरला बोलवा."

ड्रायव्हर आला तोच तोंड वाकडं करून. हात पाठीमागे, मान तिरकी.

"तू मोडलास?" बाईंनी विचारलं.

"मोडायचा असता तर एवढी वर्षं कशाला जोडत बसलो असतो?"

"मग बोलत का नाहीस? बायको पेटीवर बसलीय तिकडे."

"कुणाशी बोलू? किल्ली घेतली, शेडमध्ये पाय ठेवू देईनात. मिस्त्री माझ्याशी बोलत नाही, भाऊसाहेब माझ्यावर ओरडतात आणि वहिनी गप्प बसतात. तुम्ही तर त्यांनीच बोलावलेल्या."

"तोंड बरंच चालतं तुझं. आता उपयोगाचं बोल. आवाज कसा येतो?"

"घरघर. म्हातारा कफाने घोरावा तशी. इंजिन वाढवलं की वाढते."

"गिअर टाकल्यावर?"

"तशीच. पहिला टाका, तिसरा टाका, मागचा टाका. उभा असला तरी तीच. ट्रॅक्टर किती पळतो याच्याशी तिला घेणंदेणं नाही."

"भाऊसाहेब," बाईंनी हात पुढे केला, "किल्ली."

"अहो, उरलासुरला मोडेल!"

"भंगारात घालायचाय ना? मग मोडला तर काय मोठंसं?"

भाऊसाहेबांनी किल्ली दिली. मिस्त्रीने गुरगुरत तेल परत भरलं. ड्रायव्हर चढला, क्लच दाबून इंजिन चालू केलं. इंजिन धडधडलं, पण बाकी काही नाही. मग त्याने क्लचवरून पाय उचलला आणि सगळ्या शेडमध्ये भरभरून घरघर सुटली. तात्यांनी कानात बोटं घातली. ड्रायव्हरने एकेक गिअर टाकून ट्रॅक्टर पुढे-मागे हलवला. घरघर तसूभर बदलली नाही. क्लच दाबला, गप्प. सोडला, पुन्हा घरघर.

"बंद कर," बाई ओरडल्या. शांतता झाल्यावर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "मला यंत्रातलं कळत नाही. एवढंच सांग. क्लच सोडल्यावर, गिअर न टाकता, काय काय फिरतं?"

"पहिला दांडा, त्याचं बेअरिंग. तेच मिस्त्री म्हणतोय."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"नीट आठव. या ट्रॅक्टरमध्ये, दुसऱ्या कुठल्या नाही."

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. मग सीटच्या बाजूला खाली बोट दाखवलं. तिथे एक आखूड लोखंडी दांडी होती, गंजक्या तारेने आवळून बांधलेली.

"ही मागच्या पीटीओची. म्हणजे मागे जो फिरता दांडा असतो ना, मळणीयंत्र जोडायचा, त्याची. ही दांडी झिजलीय, काम चालू असताना घसरून निसटायची. म्हणून ती चालूवरच तारेने बांधून टाकलीय. मळणी नसेल तेव्हा तो दांडा टोपीखाली मोकळाच फिरतो. त्याने काही होत नाही. लक्षातही राहत नाही आता."

"तार कुणी बांधली?"

"मालकांनीच. दांडी भाऊसाहेबांनी धरली होती. हाताला ग्रीस लागलं म्हणून दिवसभर कुरकुरत होते."

बाई हसल्या. तात्यांनी ते हसू पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं, कारण ते त्यांच्यासाठी नव्हतं.

"वहिनींना बोलवा," बाई म्हणाल्या. "आणि भाऊसाहेब, रुमाल काढून आत या. आज तुम्हाला शिंका येणार नाहीत. तुमचं लक्ष दुसरीकडे असेल."

*

वहिनी आल्या. ड्रायव्हरची बायकोही बाळ घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही सगळे एक नंबरचे बहिरे आहात," बाईंनी सुरुवात केली. "मिस्त्री, तुम्ही तर सर्वांत आधी. कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावलात, पण आवाज ऐकलाच नाहीत. भाऊसाहेबांनी येता येता सांगितलं असेल, गिअरबॉक्स गेलाय, वहिनींसमोर तसं म्हण. आणि तुम्ही तेवढंच ऐकलंत. खरं ना?"

मिस्त्री जमिनीकडे बघू लागला. "ते म्हणाले होते तसं. पण आवाज तर गिअरबॉक्सवर येतच होता!"

"येणारच. हे सगळं एकच ओतीव लोखंड. एका टोकाला वाजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. बेअरिंग फुटून दात गेले असते, तर तेलात चुरा सापडला असता. नव्हता. म्हणजे गिअरबॉक्स आतून धडधाकट. मग क्लचबरोबर चालू आणि बंद होणारं, गिअरशी संबंध नसलेलं, असं दुसरं काय उरतं? तारेने बांधलेला, तुम्ही सगळे विसरलेला तो मागचा दांडा. ड्रायव्हर, तार सोड. दांडी बंदवर घे आणि चालू कर."

ड्रायव्हरने पक्कडीने तार तोडली. दांडी ओढली. इंजिन धडधडलं. त्याने क्लच सोडला.

नुसतं इंजिन. त्याखाली गिअरबॉक्सची जुनी, ओळखीची गुणगुण. बस्स.

वहिनींनी तोंडावर पदर धरला. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर हलकेच एक थाप मारली.

"बंद कर. आता मिस्त्री, मागची टोपी काढा. ज्या टोपीचे बोल्ट तेवढे चकचकीत आहेत. माझ्या यजमानांना वाटलं, स्वच्छतेच्या आवडीने कुणीतरी पुसले. मला वाटलं, पान्याने कुणीतरी नुकतेच उघडले. टोपी उताणी धरा, आतलं सांडू देऊ नका."

मिस्त्रीने बोल्ट काढले. टोपी हातात आली. बाईंनी तिच्या तोंडावर तळहात ठेवला आणि ती वहिनींच्या कानाजवळ नेऊन हलवली.

"काय वाजतंय?"

 "खुळखुळ," वहिनी म्हणाल्या.

"हो. खुळखुळच. दुसरा शब्दच नाही." बाईंनी टोपी तात्यांच्या ओंजळीत उपडी केली. छोटे लोखंडी छर्रे पडले. "कालपासून मी या शब्दाचा आवाज शोधतेय. वहिनी, तुम्हाला ऐकू आला तो तडतडाट. मिस्त्रींना खर्रर्र. ड्रायव्हरला घरघर. तिघांचे शब्द वेगळे, पण तिघेही खरे. इंजिनाच्या वेगाने हे छर्रे आत भिरभिरले की असाच कालवा होतो. त्यात खुळखुळ कुणालाही ऐकू येणार नाही. मलाही नाही आली. खुळखुळ वाजतं ते सावकाश. टोपी हातात घेऊन, आत छर्रे टाकून, बसवण्याआधी जरा हलवून बघितली तरच. म्हणजे ज्याने ते टाकले, त्यालाच हा शब्द सुचणार. आणि काल माझ्या टेबलासमोर बसून, विसळलेल्या पेल्यातलं पाणी पिऊन, एक गृहस्थ म्हणाले, 'आत नुसतं खुळखुळ खुळखुळ.' "

सगळे भाऊसाहेबांकडे वळले. त्यांचा चेहरा इस्त्री उतरल्यासारखा झाला होता.

"हा काय पुरावा झाला?" ते ओरडले. "एक शब्द! बोलण्याच्या ओघात निघाला तोंडातून. शब्दावरून माणसाला फासावर देता?"

"फासावर द्यायची तुमची लायकी नाही. त्यासाठी गुन्हा जरा बऱ्यापैकी लागतो." बाई तात्यांकडे वळल्या. "अहो, बोळातली सायकल आणा."

तात्या डुलणारी सायकल ढकलत घेऊन आले.

"हवा पूर्ण आहे. पंक्चर कुठेच नाही. तरी साहेब पायी फिरतायत. का? मिस्त्री, पुढचं चाक काढा."

मिस्त्रीने चाक काढलं. एका बाजूला ग्रीसमध्ये छर्ऱ्यांची रांग होती. दुसरी बाजू रिकामी. बाईंनी तात्यांच्या ओंजळीतला एक छर्रा उचलून तिथे ठेवला. चपखल बसला.

"दुकानातून नवे आणले असते तरी भागलं असतं," बाई म्हणाल्या. "पण तेवढीही पदरमोड जिवावर आली. स्वतःच्या सायकलचं चाक लुळं केलं, दुसऱ्याचं घर मोडायला. आणि कशासाठी? वहिनी, तुमच्या दिरांच्या खोलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी आहे. कार्डंही छापून झालीत. फक्त जागा ठरायचीय. आतल्या अंधाऱ्या खोलीत कोण येणार? पाटी रस्त्याला हवी. रस्त्याला एकच खोली आहे, आणि तिच्यावर तुमच्या यजमानांचा शब्द आहे. जोवर ट्रॅक्टर चालतोय तोवर. म्हणून ट्रॅक्टर थांबवायचा होता. मोडायची अक्कल नाही, हिंमत तर नाहीच. म्हणून नुसता आवाज भरला. दांडी तारेने बांधलेली आहे हे त्यांना ठाऊकच होतं, स्वतः धरली होती ना. भंगारात गेला की गिअरबॉक्स उघडून कोण बघतंय?"

"आणि तुम्हाला कशाला बोलावलं मग?" ड्रायव्हर सीटवरून म्हणाला.

"वहिनींनी बाहेरचा माणूस मागितला. भाऊसाहेबांनी बाहेरची बाई शोधली. जिला ट्रॅक्टर म्हणजे काय ते कळत नाही अशी. त्यातही मला नव्हतं निवडलं हो. यांना निवडलं होतं." बाईंनी तात्यांकडे बोट केलं. "तशी निवड वाईट नव्हती."

तात्यांनी छर्रे खिशात टाकले. ते तेलकट रुमालाला चिकटले.

भाऊसाहेब वहिनींकडे वळले. "वहिनी, मी घराच्याच भल्यासाठी... एक चांगली बैठक झाली असती, चार माणसं आली असती, आपल्या घराचं नाव..."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "यांनी शब्द ट्रॅक्टरवर ठेवला, ती यांची चूक. ट्रॅक्टर काय, आज ना उद्या थांबणारच. मी तो शब्द ट्रॅक्टरवरून काढून घेते. खोली ड्रायव्हरची. ट्रॅक्टर चालो न चालो. मी आहे तोवर, आणि माझ्यामागे कागदावरही."

 दारातल्या ड्रायव्हरच्या बायकोने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं.

ड्रायव्हर खाली उतरला आणि खोलीकडे निघाला, पेटी आत न्यायला.

"तू थांब," वहिनी म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलं? सामान कुणी बाहेर काढायला लावलं होतं?"

 सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं.

भाऊसाहेबांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा घराकडे. रस्त्यावरून दोन माणसं चालली होती, तीही थांबली. मग ते पेटीजवळ गेले, वाकले. पेटी जड होती. त्यांनी ती छातीशी कवटाळून उचलली आणि पांढऱ्या शर्टावर गंजाचा लांब पट्टा उमटला. खिशातलं एक पेन मातीत पडलं.

ड्रायव्हरची बायको पुढे होऊन खोलीच्या दारात उभी राहिली.

"त्या भिंतीला ठेवा," ती म्हणाली.

त्यांनी ठेवली.

तिने मान तिरकी करून पेटीकडे बघितलं. तात्या बाईंच्या मागे उभे होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, तर बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता, नुसता आधाराला ठेवतात तसा, आणि त्या पेटीकडे बघत होत्या.

"तिथे नको," बायको म्हणाली. "खिडकीखाली. उचला परत."

भाऊसाहेबांनी पेटी उचलली.